हॉटेलचा दसरा

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी 'दसरा काढतात'. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वाढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या-वाकळा ओढ्यावर जातात, कपाटं भिंतीपासून सरकतात, जळमटं निघतात आणि रोज झाडलेल्या घरातून घमेलंभर माती बाहेर पडते. रोज तर झाडत होतो, मग ही आली कुठून, हा प्रश्न मला लहानपणी फार पडायचा. पुढे कोकणात आणि गोव्यात हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये वर्षं काढली, तेव्हा उत्तर मिळालं. झाडू जिथे पोचतो तिथली धूळ रोज निघते. जिथे पोचत नाही तिथली तशीच राहते आणि तिच्यावर आणखी बसते.

हॉटेलात या दसऱ्याला 'डीप क्लीनिंग' म्हणतात. हॉटेल म्हणजे इथे मिसळीचं नव्हे, मुक्कामाचं. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगर, कळंगुट अशा किनाऱ्यावरची दहा ते चाळीस खोल्यांची हॉटेलं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तिथली हवा, तिथलं पाणी आणि तिथला हंगाम मला ओळखीचा आहे. शहरातल्या मोठ्या हॉटेलालाही यातलं बरंच लागू पडेल.

पंचवीस मिनिटांची खोली

पाहुणे किल्ली देऊन गेले की ती खोली पुढच्या पाहुण्यांसाठी तयार करायला हाउसकीपिंगच्या मुलीला साधारण पंचवीस-तीस मिनिटं मिळतात. त्यात चादरी-अभ्रे बदलायचे, कचरा काढायचा, बाथरूम धुऊन कोरडं करायचं, आरसा पुसायचा, फरशीवर मॉप फिरवायचा, टॉवेल-साबण मांडायचे. हंगामात अशा दहा-बारा खोल्या एकीच्या वाट्याला येतात. काम मन लावून केलं तरी या वेळात पलंग सरकवता येत नाही, पडदे उतरवता येत नाहीत, एसीचं झाकण उघडता येत नाही, शॉवरची जाळी काढून भिजत घालता येत नाही. ही त्या मुलीची कुचराई नव्हे. मालकाने आणि मॅनेजरने हे आधी मान्य केलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं बोलणं कुणालातरी ओरडण्यावर येऊन थांबतं.

आता एका खोलीचं वर्ष मनात आणा. समजा ती 240 रात्री भरलेली असते आणि प्रत्येक कुटुंब सरासरी दोन रात्री राहतं. म्हणजे वर्षाला 120 कुटुंबं झाली. प्रत्येकाच्या पायाची रेती, अंगाचं तेल, केस, सांडलेला चहा, ओल्या टॉवेलची वाफ, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ. आपल्या घरात एक कुटुंब राहतं, तरी आपण वर्षातून एकदा दसरा काढतोच. 120 कुटुंबं नांदलेल्या खोलीला वर्षातून एकदा पुरेल का, याचं उत्तर आपसूक मिळतं.

मळ हळूहळू साठतो, हीच यातली खरी अडचण आहे. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला तो बदल जाणवत नाही. टाइल्सच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट एका दिवसात काळं होत नाही, दोन वर्षांत होतं. तिथे काम करणाऱ्याला ते 'असंच असतं' वाटायला लागतं. पाहुणा मात्र पहिल्यांदाच आलेला असतो. दार उघडल्यावर पहिल्या श्वासात त्याला कुबट वास येतो, जो आपल्या नाकाला केव्हाच सवयीचा झालेला असतो.

मळ निघतो कसा

डीप क्लीनिंगचा उपयोग समजायचा तर मळ निघतो कसा, हे आधी समजून घ्यावं लागतं. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये हे फार सोप्या तऱ्हेने मांडलं. कुठलीही सफाई चार गोष्टींवर चालते: रसायन, घासण्याचा जोर, उष्णता आणि वेळ. यातली एक कमी झाली की उरलेल्यांपैकी कुठलीतरी वाढवावी लागते.

आजीची गोधडी धुण्याची रीत आठवा. रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजत, म्हणजे रसायन आणि वेळ. सकाळी कढत पाणी, म्हणजे उष्णता. मग दगडावर आपटून पायांनी तुडवणं, म्हणजे जोर. चारही गोष्टी होत्या, म्हणून साध्या सोड्यावर भागायचं.

पंचवीस मिनिटांच्या सफाईत वेळ नाही. उष्णता जवळजवळ नाही. जोर म्हणजे एका थकलेल्या हाताचा. मग भरपाई कुठून होते? रसायनातून. कडक ॲसिड, दाट ब्लीच, दुप्पट फिनाईल. डाग निघाल्यासारखा दिसतो, पण त्याबरोबर नळाची चकाकी, फरशीचा गुळगुळीतपणा आणि काम करणारीच्या हाताची कातडीही निघते. मला डीप क्लीनिंगचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. ते खोलीला वेळ परत देतं. सौम्य द्रावण लावून वीस मिनिटं भिजू दिलं, वाफेचं यंत्र फिरवलं, फिरत्या ब्रशच्या यंत्राने फरशी घासली, की तोच मळ वस्तूला इजा न करता निघतो.

बाथरूममधला पांढरा थर याचं नेमकं उदाहरण आहे. बोअरवेलचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी सुकलं की ते नळावर, काचेवर, टाइल्सवर पांढरे होऊन बसतात. हा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि तो आम्लात विरघळतो. लिंबाच्या फुलाचं, म्हणजे सायट्रिक ॲसिडचं, पाणी फडक्याने गुंडाळून ठेवलं तर अर्ध्या तासात थर मऊ पडतो. घाईतला माणूस त्याऐवजी टॉयलेटचं ॲसिड ओततो. आता गंमत बघा: संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच असतो. आपली शहाबादी फरशी आणि कोटा हे चुनखडीचेच दगड. म्हणजे जे आम्ल डाग खातं, तेच आम्ल दगडही खातं. दगडाची झिलई जाते, तो खरखरीत होतो, आणि खरखरीत दगडावर मळ पूर्वीपेक्षा लवकर धरतो. मग आणखी ॲसिड. दोन-तीन वर्षांत फरशी बदलायची वेळ आलेली मी पाहिली आहे, आणि ती फरशी घाणीने नव्हे, सफाईने मेली होती. 'प्रोफेशनल' या शब्दाचा माझ्या लेखी अर्थ हाच: समोरचा पृष्ठभाग कशाचा आहे हे ओळखूनच बाटलीला हात घालणारा माणूस. तो बाहेरच्या एजन्सीचा असो की तुमच्याच हॉटेलात शिकून तयार झालेला असो.

शॉवरमधलं पाणी

दिसण्यापुरती गोष्ट असती तर मी एवढं कळकळीने लिहिलं नसतं. 1976 च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या नामांकित हॉटेलात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचं अधिवेशन भरलं. मंडळी घरी परतली आणि एकेकाला ताप, खोकला, न्यूमोनिया सुरू झाला. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, किमान 29 सदस्य दगावले. कारण कळेना. विष असेल, कट असेल, अशा अफवा उठल्या. पाहुणे फिरकेनासे झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॉटेलला टाळं लागलं. जानेवारी 1977 मध्ये तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेतल्या शास्त्रज्ञांना जंतू सापडला. त्याचं नाव पडलं लेजिओनेला. हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरमधून उडणाऱ्या तुषारांवर संशय गेला.

हा जंतू पाण्यात राहतो. साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात वाढतो, 60 अंशांच्या वर टिकत नाही. साचलेलं पाणी, पाइपच्या आतला बुळबुळीत थर, शॉवरच्या जाळीतले क्षार, टाकीच्या तळाचा गाळ, ही त्याची घरं. ते पाणी पिऊन सहसा काही होत नाही. शॉवर सुरू केल्यावर जे बारीक तुषार उडतात ते श्वासातून फुप्फुसात गेले की धोका. वयस्कर माणसं, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना जास्त.

आता कोकणातला जुलै-ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा. पर्यटक नाहीत, अर्ध्या खोल्या बंद. त्या खोल्यांच्या पाइपमध्ये पाणी आठवडेच्या आठवडे उभं. छतावर सोलर हीटर, पण आभाळ भरलेलं, त्यामुळे टाकीतलं पाणी धड गरम नाही, धड गार नाही. जंतूला हवं असतं नेमकं तेच. मग गणपतीत चाकरमानी येतात, दिवाळीत पर्यटक येतात, आणि पहिला पाहुणा शॉवर उघडतो. आजार दिसायला साधारण 2 ते 10 दिवस, कधी त्याहून जास्तही लागतात. तोवर तो पुण्याला किंवा ठाण्याला घरी पोचलेला असतो. डॉक्टर न्यूमोनियाचे उपचार करतात. हॉटेलला काहीच कळत नाही. म्हणून 'आमच्याकडे आजवर कुणी आजारी पडलं नाही' या वाक्यावर मी विसंबत नाही.

उपाय महाग नाही. बंद खोल्यांतले सगळे नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटं चालू सोडायचे. सोडताना शॉवरवर पिशवी बांधायची किंवा तो बादलीत बुडवायचा, म्हणजे तुषार काम करणाऱ्याच्या नाकात जात नाहीत. शॉवरच्या जाळ्या दर तीन महिन्यांनी काढून क्षारमुक्त करायच्या. टाक्या रिकाम्या करून गाळ काढायचा, घासायच्या, निर्जंतुक करायच्या. गरम पाण्याची टाकी 60 अंशांवर ठेवायची, आणि नळाशी मुलांचे हात भाजणार नाहीत अशी गार पाणी मिसळण्याची सोय करायची. डीप क्लीनिंगच्या यादीत ही कामं नसतील तर ती यादी डोळ्यांना दिसणाऱ्या सफाईचीच आहे.

ओल, एसी आणि गादी

किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांवर असते. बंद खोलीत लाकडी कपाटाच्या मागे, गादीच्या खालच्या बाजूला, पडद्याच्या अस्तरावर बुरशी धरते. बुरशीला तीनच गोष्टी लागतात: ओल, थोडं खाद्य आणि शांतता. खाद्य म्हणजे धूळ, लाकूड, कापड, रंगातलं सेंद्रिय द्रव्य. धूळ आणि शांतता डीप क्लीनिंग काढून घेतं, पण ओल काढू शकत नाही. भिंतीतून पाणी झिरपत असेल तर ब्लीचने पुसलेली बुरशी महिन्याभरात परत येते, आणि वरून रंगाचा हात मारला तर रंगाखालून येते. चांगला सफाईवाला अशा भिंतीजवळ थांबतो आणि सांगतो की ही माझी नाही, प्लंबरची किंवा गवंड्याची भिंत आहे. असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

एसीचं तसंच. बाहेरच्या जाळ्या सगळेच धुतात. मळ बसतो तो आतल्या थंड होणाऱ्या कॉइलवर आणि तिच्याखालच्या पाण्याच्या तबकात. कॉइल कायम ओली, धूळ कायम येणारी. त्यातून चिकट थर तयार होतो आणि कुबट वास तिथूनच सुटतो. हवेला सुगंधी फवारे मारून तो झाकता येतो, घालवता येत नाही. कॉइलवरचा थर पांघरुणासारखा असतो. थंडावा हवेपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून यंत्र जास्त वेळ चालतं आणि वीजबिल वाढतं. बाहेरच्या युनिटला किनाऱ्यावर आणखी एक शत्रू: खारा वारा. ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर मीठ बसतं आणि ती कुजायला लागतात. अधूनमधून साध्या गोड्या पाण्याने ती धुतली तरी यंत्राचं आयुष्य वाढतं.

गादीबद्दल बोलायला लोकांना संकोच वाटतो, पण बोललं पाहिजे. माणसाच्या अंगावरून कातडीचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. त्यावर जगणारे धुळीतले माइट, म्हणजे अतिसूक्ष्म कीटकासारखे जीव, डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेमुळे दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना त्रास होतो. दमट हवा त्यांना मानवते. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने गादी साफ केली तर बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत येतात. म्हणून हेपा फिल्टरचं यंत्र वापरायचं. 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण अडवण्याचं त्याचं मानक आहे. गादीवरची संरक्षक खोळ, दुलया आणि धुता येणाऱ्या उशा 60 अंशांच्या पाण्यात धुतल्या की माइट मरतात.

ढेकणांविषयी एक गैरसमज आधी दूर करते. ढेकूण घाणीमुळे होत नाहीत. ते पाहुण्याच्या बॅगेतून येतात आणि चकचकीत हॉटेलातही येतात. तेव्हा 'डीप क्लीनिंग केलं की ढेकूण होत नाहीत' असं कुणी विकत असेल तर ते खरं नाही. खरा फायदा वेगळा आहे. पलंग पूर्ण उघडला जातो, डोक्याकडची फळी भिंतीवरून उतरते, गादीच्या शिवणी बघितल्या जातात, आणि शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके दिसले की एकाच खोलीत प्रकरण आवरतं. उशीर झाला की ते शेजारच्या खोल्यांत पसरतं. साधारण 50 अंशांच्या उष्णतेला ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात, म्हणून शिवणींतून वाफ सावकाश फिरवणं कामाला येतं. नुसत्या औषधाला अंडी बऱ्याचदा दाद देत नाहीत. ती आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच.

गालिचे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत फारसे नसतात. असतील तर एवढंच ध्यानात ठेवा की रेतीचा कण पायाखाली धाग्याला पात्यासारखा कापतो, त्यामुळे आधी कोरडी रेती नीट खेचून काढल्याशिवाय पाणी लावू नये.

स्वयंपाकघराची नळी

चुलीच्या वर जी धुरकांडी असते, तिच्या जाळ्या रात्री निघतात, गरम पाण्यात सोडा घालून धुतल्या जातात. त्यापुढची पत्र्याची नळी, म्हणजे डक्ट, भिंतीतून वर छतापर्यंत जाते. तिच्या आत वाफ झालेलं तेल गार होऊन चिकटतं. आधी पातळ, मग मधासारखं, मग घट्ट. कढईने भडका घेतला, ज्वाळा जाळीपर्यंत पोचली, की त्या थराला आग लागते आणि नळी तिला इमारतीच्या वरच्या मजल्यांकडे ओढून नेते. पंखा चालू असेल तर आगीला वाराही मिळतो.

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेचं 'एनएफपीए 96' हे मानक यासाठी जगभर संदर्भ म्हणून वापरतात. कोळसा किंवा लाकडावर शिजत असेल तर दर महिन्याला, खूप मोठ्या प्रमाणावर शिजत असेल तर दर तीन महिन्यांनी, मध्यम वापर असेल तर सहा महिन्यांनी, अगदी कमी असेल तर वर्षाने नळी आतून तपासायची आणि थर दिसला तर पत्र्यापर्यंत खरवडायची. आपल्याकडच्या तंदूर लावलेल्या हॉटेलांनी स्वतःला पहिल्या गटात धरावं असं मला वाटतं. आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख सगळे बघतात. नळीच्या आत वाकून फार थोडे बघतात. काम झाल्यावर एजन्सीकडून आतले आधीचे-नंतरचे फोटो मागा, आणि नळीला आत जायची झाकणं नसतील तर आधी ती करून घ्या. झाकण नसलेली नळी साफ केली असं कुणी म्हणत असेल तर त्याने दोन टोकंच पुसलेली असतात.

पैशांचा हिशोब

मालक विचारतात, खोल्या बंद ठेवायच्या तर धंदा कसा करायचा? सगळ्या एकदम बंद करायच्याच नसतात. तीस खोल्यांचं हॉटेल धरा. सोमवार ते गुरुवार गर्दी कमी असते. रोज एकच खोली आरक्षणातून बाहेर काढली तर आठवड्याला चार, म्हणजे साधारण आठ आठवड्यांत पूर्ण फेरी. पावसाळ्यात तर त्या खोल्या तशाही रिकाम्याच असतात. म्हणजे बुडालेलं भाडं जवळजवळ शून्य. फेरी एकदा सुरू झाली की पुढची हलकी जाते, कारण मळ आता वर्षांचा नसतो, महिन्यांचा असतो. माझा सल्ला विचाराल तर किनाऱ्यावर पावसाच्या शेवटी एक पूर्ण फेरी आणि मे संपल्यावर एक. दोन्ही वेळा आत-बाहेर सगळं. मधल्या काळात बाथरूम, एसी आणि गाद्यांची छोटी फेरी.

बचत दिसते ती अशा ठिकाणी: फरशी, नळ, पडदे, गाद्या, एसी लवकर बदलावे लागत नाहीत. गळणारा नळ, सैल झालेला प्लगचा डबा, वाळवीची पहिली रेघ, हे पलंग सरकवल्यावर दिसतं आणि शंभर रुपयांत सुटतं. रोजच्या सफाईलाही वेळ कमी लागतो, कारण गुळगुळीत पृष्ठभाग पुसायला खरखरीत पृष्ठभागापेक्षा सोपा असतो. आणि इंटरनेटवर पाहुण्यांनी टाकलेले फोटो असतातच. तिथे कुणी समुद्राच्या देखाव्याबद्दल लिहितं, पण फोटो काढतं तो आंघोळीच्या कोपऱ्यातल्या केसांचा.

हे करणारी माणसं

आता जे लिहिते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर सोडलेला तो हाच वायू. बंद बाथरूममध्ये दोन बाटल्या एकापाठोपाठ ओतून खोकत बाहेर पळालेली मुलगी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण 'सफाई काय शिकवायची' असं सगळ्यांना वाटत होतं. ब्लीचबरोबर अमोनियाचा काच-क्लीनरही चालत नाही. ब्लीच मळावर ओतूनही उपयोग नाही. मळातच त्याची ताकद संपते. आधी धुवा, मग निर्जंतुक करा, आणि लेबलवर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितकी मिनिटं ते ओलं राहू द्या. लगेच पुसलं तर नुसता वास उरतो.

कापडं रंगाने वेगळी ठेवा. टॉयलेटचं लाल कापड वॉश बेसिनला लागता कामा नये. पाहुण्यांचे वापरलेले टॉवेल पुसायला घेऊ नयेत. पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी हवा खेळवावी, बाहेर दुसरा माणूस उभा ठेवावा. आणि सेप्टिक टँकमध्ये कुणालाही तसंच उतरवू नये. सुरक्षा साधनांशिवाय तिथे माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. उपसा करणारी गाडी बोलवा. स्वस्तात काम करून देतो म्हणणारा कंत्राटदार दोर आणि बादली घेऊन आला तर त्याला फाटकावरूनच परत पाठवा.

एजन्सी निवडताना मी दर सर्वांत शेवटी विचारते. आधी विचारते: कोटा फरशीला काय लावाल? एका खोलीला किती तास धरता? माणसांना हातमोजे, मास्क, बूट कोण देतं? पहिल्या प्रश्नाला 'सगळ्याला एकच केमिकल चालतं' असं उत्तर आलं तर पुढचे विचारत नाही. एका खोलीला दोघांचे मिळून चार-पाच तास सांगणारा मला एका तासात आटपणाऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

काम झाल्यावर खोली लगेच देऊ नका. खिडक्या उघडून, पंखा लावून एक दिवस तशीच राहू द्या. गादीतली आणि पडद्यांतली ओल पूर्ण गेली पाहिजे, नाहीतर आपणच बुरशीला आमंत्रण दिलं असं होईल. मग ताबा घ्यायला एकट्याने जा. दार लावा, एसी चालू करा आणि पहिला श्वास नाकाने घ्या. बाथरूममध्ये गुडघ्यावर बसून बेसिनच्या खालून वर बघा. पलंगाची फळी हाताने हलवून बघा. शेवटी पाहुण्यासारखं पलंगावर आडवं व्हा आणि वर बघा. पंख्याच्या पात्यांची वरची कड, एसीची झडप, पडद्याच्या दांडीचा माथा. उभ्याने फिरताना या जागा नजरेत येत नाहीत, पडल्यावर येतात, आणि पाहुणा रात्री झोप लागेपर्यंत तेवढंच बघत असतो.